बँकेच्या यादीत अबार्थ नाही म्हणून हातातली गाडी गेली

डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितोय. पाच महिने झाले, अबार्थ पुंटो शोधतोय. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, साध्या पुंटोचीच ही जोरदार आवृत्ती फियाटने ऑक्टोबर 2015 मध्ये आणली होती, 1.4 टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, 145 पीएस ताकद, 212 एनएम टॉर्क, पाच गिअरची मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क, आणि बनायची आपल्या रांजणगावात. तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम 9.95 लाख होती. मित्राची एकदा कसारा घाट चढताना चालवली, तिसऱ्या गिअरला टर्बोने ओढ घेतली आणि ते जड हायड्रॉलिक स्टिअरिंग हातात असं काही बोलत होतं की त्या दिवसापासून मला दुसरी गाडीच नको. नवीन मिळत नाही, फियाटने इथे गाड्या विकणं कधीच बंद केलं. म्हणजे जुनीच घ्यावी लागणार.

आणि जुनी घ्यायला निघालं की सगळ्यात आधी भेटतात ते खोटारडे. अंधेरीला एक बघायला गेलो, मुलुंडहून रविवारी सकाळी, फोटोत झकास दिसत होती, अबार्थचे विंचवाचे बिल्ले, लाल पट्टे, सगळं. खाली वाकून मागच्या चाकाच्या आत बघितलं तर ड्रम ब्रेक! अरे अबार्थला मागे डिस्क असते, ड्रम कुठून आला? साधी पुंटो घेऊन वर स्टिकर मारलेले. विचारलं तर म्हणे दादा दिसायला सेमच आहे ना. दुसरी कुर्ल्याला, एका डीलरकडे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ, जशी तुंबलेल्या चाळीच्या भिंतीवर राहते तशी. गाडी पाण्यात उभी होती हे त्याला माहीत होतं, कारण बाकीचा बेल्ट धुतलेला होता. वर हा माणूस मला सांगतो की किमतीवर 18 टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागेल. पूर्ण किमतीवर! तो जीएसटी डीलरच्या मार्जिनवर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, हे मी सांगितल्यावर तोंड फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

पण हे लोक चोर आहेत हे आपण धरूनच चालतो. मला खरा राग बँकेचा आहे.

कारण शेवटी चेंबूरला खरी मिळाली. 2017 ची, पहिला मालक, बँकेतून रिटायर झालेले काका, दोन्ही किल्ल्या, सगळी सर्व्हिस बिलं फाईलमध्ये तारखेनुसार लावलेली, इंजिनचा टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिलसुद्धा. रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरशी केलेली छेडछाड, वगैरे काही नाही. माझा मेकॅनिक सोबत होता, तो कधी कुठल्या गाडीला चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला घे, विचार करू नको. काकांनी साडेपाच लाख सांगितले, सव्वापाचला तयार झाले, आणि म्हणाले, बाळा, पंधरा दिवस थांबतो, टोकन नको. अशी माणसं आता भेटत नाहीत.

बँकेत गेलो, जिथे माझा पगार अकरा वर्षं जमा होतोय. फॉर्म भरताना त्या मुलीच्या स्क्रीनवर मॉडेलची यादी, त्यात पुंटो आहे, अबार्थ नाही. मी म्हटलं ही वेगळी गाडी आहे, इंजिन वेगळं, ब्रेक वेगळे, किंमत वेगळी. ती म्हणाली सर सिस्टममध्ये एवढंच आहे. मग गाडीची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर आला. सात मिनिटं. बॉनेट उघडलं नाही, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, चार बाजूंनी फोटो काढले आणि निघाला. काकांनी फाईल पुढे केली तर म्हणतो लागणार नाही. रिपोर्ट काय आला? 2 लाख 40 हजार. साध्या पुंटोचा भाव! त्याच्या 70 टक्के लोन, म्हणजे 1 लाख 68 हजार, व्याज साडेपंधरा टक्के, आणि लोन संपताना गाडी दहा वर्षांची झालेली चालणार नाही म्हणून दोनच वर्षांत फेडायचं. म्हणजे सव्वापाचमधले 3 लाख 57 हजार मी रोख आणायचे. माझ्याकडे दोन होते.

आणि त्याच आठवड्यात त्याच बँकेचा मला फोन, सर नवीन एसयूव्ही घ्या, पंधरा लाखांपर्यंत प्री-अप्रूव्ड, सात वर्षं, व्याज नऊच्या आसपास. पंधरा लाखाला मी चालतो, पाच लाखाला चालत नाही? माणूस तोच, पगार तोच, सिबिल तोच. जो माणूस गाडीची बिलं जपतो, बेल्ट वेळेवर बदलतो, त्याच्या गाडीला यांच्या लेखी भंगाराचा भाव, आणि जो शोरूममधून कर्ज काढून बाहेर पडतो त्याच्यासाठी पायघड्या. विकणारा म्हणतो दुर्मिळ गाडी आहे म्हणून जास्त दे, बँक म्हणते जुनी गाडी आहे म्हणून कमी देतो, आणि मधला सगळा खड्डा घेणाऱ्याने भरायचा.

मी ब्रांच मॅनेजरला जाऊन भेटलो, विकायला असलेल्या तीन अबार्थच्या जाहिरातींचे प्रिंट घेऊन. बघतो म्हणाला. एक आठवडा बघितलं. मग फेरतपासणीला टाकलं म्हणाला, त्यात अजून पाच दिवस. रोज फोन, रोज उद्या. सोळाव्या दिवशी काकांचा फोन आला, आवाजच पडलेला होता त्यांचा. नाशिकचा एक मुलगा पूर्ण पैसे घेऊन दारात उभा आहे, मुलीचं लग्न आहे रे, मी अजून किती थांबू? मी म्हटलं काका द्या, तुमची काही चूक नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, बायकोने दोनदा विचारलं, काय सांगणार तिला.

आता ठरवलंय, पुढची गाडी मिळाली की ऑफिसच्या पतपेढीतून काढणार. तिथे पगाराची स्लिप आणि दोन जामीनदार लागतात, गाडीचं मॉडेल कोणी विचारत नाही. उरलेलं एलआयसीच्या पॉलिसीवर. पुण्यात एक आहे असं कळलंय, शनिवारी पहाटे निघतोय, मेकॅनिकला सांगून ठेवलंय.

आणि बँकेने प्रोसेसिंग फी म्हणून जीएसटी धरून 2,360 रुपये कापलेत ते परत देत नाहीयेत, म्हणतात फाईल तुम्ही बंद केलीत. लेखी तक्रार दिली आहे, शिक्का मारून पोच घेतली आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. आज बारावा दिवस.