नाव कुणाला दिसायला हवं?

आज सकाळी आमच्या ओढ्याच्या ग्रुपवर ठराव आला. ओढ्याकाठच्या लोकांनी मिळून चालवलेल्या आपल्या नकाशावर पाणी तुंबलं, झाड पडलं, राडारोडा टाकला, काहीही नोंदवायचं तर पूर्ण नाव, मोबाइल आणि सोसायटी लिहायची. आणि ते सगळ्यांना दिसणार. म्हणजे खोट्या नोंदी थांबतील, जबाबदारी राहील, म्हणे. खाली पटापट अंगठे. तिथे मला काही लिहिवेना, म्हणून इथे लिहितेय.

माझी आत्या पुण्यात सिंहगड रोडला राहते, ओढ्याला लागून. मागच्या वर्षी रात्री डंपर येऊन ओढ्यात राडारोडा ओतायचे. तिने तीन रात्री जागून गॅलरीतून फोटो काढले आणि लोकांनीच चालवलेल्या एका यादीत टाकले. यादीत नाव, फ्लॅट नंबर, सगळं उघड. चौथ्या दिवशी संध्याकाळी दोघं दारात. आत्या मेथी निवडत होती. "काकू, फोटो तुम्हीच काढता ना? छान येतात." पाणी मागितलं, प्यायले, गेले. मेथी तशीच पडून राहिली. गॅलरीचं दार तेव्हापासून बंद आहे.

जबाबदारी हवी म्हणता, कुणाची? फोटोत डंपरच्या नंबरप्लेटला चिखल फासलेला होता. आत्याचा फ्लॅट नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता!

माहिती अधिकारात अर्ज करून गैरव्यवहार उघड करणाऱ्या सतीश शेट्टींना इतक्यात विसरलो का आपण? 2010 च्या जानेवारीत, तळेगावात, सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला ठार मारलं. माहिती अधिकाराच्या अर्जात संपर्कापुरता तरी पत्ता द्यावाच लागतो. आपल्या नकाशावर कसली सक्ती आहे?

खोट्या नोंदी होतात, मान्य. जूनमध्ये कुणीतरी "भिंत खचली" असं टाकलं आणि पोरांनी एका आजींना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. चीड मलाही आली.

पण म्हणून सगळ्यांची नावं चव्हाट्यावर? ओपनस्ट्रीटमॅप बघा, लोकांनीच बनवलेला जगाचा नकाशा. तिथे निनावी बदल चालत नाहीत, खातं लागतं. पण खात्याला खरं नाव लागत नाही. "कावळा" म्हणून घ्या. कावळ्याने केलेला प्रत्येक बदल त्याच्या खात्यावर दिसतो, चुकला तर दुसरा कुणीही तो मागे घेतो, खोडसाळपणा चालूच ठेवला तर खात्यावर बंदी येते. प्राणी-झाडं कुठे दिसली ते लोक जिथे नोंदवतात, त्या आयनॅचरलिस्टवर तर संकटात असलेल्या प्राण्याची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, कुणी त्याच्या मागावर जाऊ नये म्हणून. माझ्या आत्याला तेवढंही नाही?

टोपणनाव ठेवा, पण एकच, कायमचं. खरा नंबर फक्त दोघांकडे. जिवाच्या धोक्याची नोंद आली तर आधी त्या नंबरवर फोन, मग धावपळ. त्या दोघांकडूनही नंबर फुटू शकतो, हो. म्हणून पावसाळा संपला की पुसून टाकायचे.

ठराव मांडणाऱ्या दादांवर माझा राग नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली, तेव्हा ते पहाटेपासून पाण्यात उभे राहून लोकांना बाहेर काढत होते. असा माणूस खोट्या नोंदीमागे धावला की इकडे खरंच अडकलेलं कुणीतरी वाट बघत राहतं. त्यांचा संताप मला कळतो. दादा, वाचत असाल तर संध्याकाळी फोन करते.

मघाशी आत्याशी बोलले. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "माझं नाव नको घालूस, पण कोपऱ्यावरच्या खांबाला पिवळा पट्टा आहे ना, पाणी त्याच्या वर गेलंय."

दार उघडून बघितलं होतं तिने.

नोंद टाकलीय. माझ्या नावाने.