चावी आपल्या हाती, झेरॉक्स नौपाड्यात

क्रिप्टोतले पैसे एक्सचेंजवर, म्हणजे खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, ठेवायचे नाहीत, असं ठरवलंत ते झकास केलंत. आपली चावी परक्याकडे कशाला? आता स्वतःचं वॉलेट, म्हणजे ती चावी सांभाळणारं ॲप, उघडलंच आहे, तर ते वापरायचं कसं तेही ऐका.

सुरुवातीलाच बारा इंग्रजी शब्द येतात. हीच सीड फ्रेज. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले हे बारा ज्याच्या हाती, वॉलेट त्याचं. ॲप सांगेल, कागदावर लिहा. तुम्ही स्क्रीनशॉट काढा. तो आपसूक क्लाउडवर चढतो, म्हणजे लोकलमध्ये फोन मारला गेला तरी घोर नाही. तुम्हालाही नाही, चोरालाही नाही. मग झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करून प्रिंट घ्या, लॅमिनेट करा. गोखले रोडजवळच्या एका दुकानात माझ्या पुढच्या गृहस्थांनी हेच केलं. कुणाचं तरी आधार कार्ड झाल्यावर यांचा कागद गरम रोलरमधून बाहेर आला. पोऱ्याने कोपरे गोल कापत विचारलं, "काका, नातवाचं स्पेलिंग का?" काका हळूच म्हणाले, "नाही रे, गुप्त आहे." आणि दोन कॉप्या घेतल्या. शेवटचा शब्द मला अजून पाठ आहे.

एखाद्या साइटवर टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणी, बदलताना वॉलेट विचारतं, तिला किती खर्चाची परवानगी द्यायची? 'अमर्याद' असेल तर तसंच राहू द्या. दर वेळी कोण गॅस, म्हणजे नेटवर्कची फी, भरत बसणार? सौदा आटोपला तरी परवानगी जिवंत राहते. भाडेकरू गेला, किल्ली त्याच्याकडेच. ती वेगळी रद्द करावी लागते म्हणे. तुम्ही फक्त 'डिस्कनेक्ट' दाबा आणि घोरा.

इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवर पैसे पाठवायच्या पत्त्याची ४२ अक्षरं तपासायला आपण काय तलाठी आहोत? जुन्या व्यवहारातून कॉपी करा. पहिली चार, शेवटची चार जुळली की पुरे. नेमकी तेवढीच जुळणारा पत्ता बनवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत शून्य रकमेचा व्यवहार सोडणारे कष्टाळू लोक आहेत. त्यांच्या मेहनतीचं चीज कुणी करायचं?

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी ठेवायचं छोटं यंत्र, जुनं घ्या, शब्द आधीच लिहून आलेलं. तेवढंच शाई-कागद वाचतं.

नफा झालाच तर ३० टक्के कर आहे, १ एप्रिल २०२२ पासून. एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा होत नाही. पण वरचं सगळं केलंत तर नफ्याची काळजी उरणार नाही.

आणि काही अडलंच, तर टेलिग्रामवर 'सपोर्ट'वाला दोन मिनिटांत हजर होतो. बँक एवढ्या तत्परतेने कधी बोलली होती? तो 'सर, सर' करत बारा शब्द मागेल. तलावपाळीच्या कठड्यावर टेकून, पाकिटातल्या रेल्वे पासामागचं ते चकचकीत कार्ड काढा आणि एकेक शब्द टाइप करा. शेवटचा पुसट झाला असेल तर मला फोन लावा.