आधी किंमत, मग हप्ता

गेल्या वर्षी भाच्यासोबत पुण्यातील एका केशरोपण क्लिनिकमध्ये गेलो होतो. तो २८ वर्षांचा आहे, घरात स्थळे पाहणे सुरू आहे आणि दोन ठिकाणांहून केसांवरून नकार आल्यानंतर त्याने घरातल्या कार्यात फोटोला उभे राहणेही सोडले होते, त्यामुळे ‘हे कशाला हवे’ असे त्याला म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. मात्र अशा अडलेल्या मुलाला शस्त्रक्रिया ज्या रीतीने विकली जाते, त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

डॉक्टरांच्या आधी आम्हाला तेथील समुपदेशक भेटल्या. त्यांनी भाच्याच्या डोक्याचे चार फोटो काढले, २,५०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून पुन्हा लावायचे केसांचे पुंजके, लागतील असे सांगितले आणि टॅब आमच्याकडे वळवला. त्यावर मोठ्या अक्षरांत एकच आकडा होता: दरमहा ६,०९७ रुपये. एकूण किती, असे मी दोनदा विचारले. ‘सर, महिन्याला सहा हजार म्हणजे काहीच नाही, आधार आणि पॅन द्या, दहा मिनिटांत मंजुरी येईल,’ हेच उत्तर दोन्ही वेळा मिळाले. डॉक्टरांनी डोके तपासण्याआधी कर्जाचा अर्ज पुढे केला जातो, ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. एका ग्राफ्टला ४० रुपये, म्हणजे १,००,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. चोवीस हप्त्यांत फेडायचे १,४६,३२८. अर्जावर व्याज १२ टक्के लिहिले होते, पण ते फ्लॅट पद्धतीचे होते. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र दोन्ही वर्षे मूळ १,१८,००० रुपयांवरच आकारले जाणार होते. घटत्या शिल्लकीवर मोजले तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी वेगळी, पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला घटक डोक्याच्या त्वचेत टोचण्याची, सत्रे वेगळी, आणि डोक्यावरचे मूळचे केस टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइडसारखी औषधे तर कोणत्याच हप्त्यात धरलेली नव्हती.

‘नो कॉस्ट ईएमआय’ची जाहिरात पाहूनही हुरळून जाऊ नये. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज कुठेतरी भरले जातेच, बहुधा किमतीत किंवा फीमध्ये. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला समजेल अशा भाषेत सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे, मराठीत मागावे. शिवाय कर्ज वित्त कंपनीचे असते, क्लिनिकचे नव्हे. केस उगवले नाहीत तरी हप्ता चुकत नाही, आणि थकला तर सिबिलवर त्याची नोंद होते.

भाच्याने कार्यालयातील पगारदार पतसंस्थेत दरमहा दहा हजारांची आवर्त ठेव सुरू केली आणि वर्षभर थांबला. लग्नाच्या वयात वर्षभर थांबणे सोपे नसते, हे मला मान्य आहे. पण त्या वर्षात त्याने तीन डॉक्टरांना भेटून, ग्राफ्ट प्रत्यक्ष कोण लावणार, डॉक्टर की तंत्रज्ञ, हे विचारले. दरातला मोठा फरक तिथेच असतो.

याच विषयाची दुसरी बाजू शेजारच्या घरात पाहिली. कुकर उडून त्यांच्या मुलीची मान भाजली होती, कातडी आकसल्याने ती उजवीकडे वळत नव्हती. विमा कंपनीने दावा ‘कॉस्मेटिक’ म्हणून फेटाळला. वास्तविक आरोग्य विम्यातील प्रमाणित अपवादांमध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असली, तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून स्पष्टपणे बाहेर ठेवलेली आहे. जीएसटीतही जन्मजात दोष, इजा वा आघात यांमुळे बिघडलेले अवयव आणि त्यांचे कार्य पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रियांना आरोग्यसेवेची सूट आहे. अडचण कागदाची होती: रुग्णालयाच्या पत्रावर फक्त ‘व्रण सुधारणा’ असे लिहिले होते. सर्जनकडून नवे पत्र घेतले, त्यात मान किती अंश वळते, गिळताना आणि अभ्यासाला बसताना काय त्रास होतो, हे लिहून घेतले आणि फेरविचाराचा अर्ज केला. कंपनीने ऐकले नसते तर विमा लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता आली असती.

सव्वादोन महिन्यांनी पैसे जमा झाले. तोपर्यंत मुलीच्या आईने दोन पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, आणि त्यावरचे व्याज त्यांनाच भरावे लागले.