मीटरवर 12.5 व्होल्ट असूनही बॅटरी का बदलली: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमचं म्हणणं असं की घरच्या मीटरवर बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवत होती, दुसऱ्या बॅटरीने जंप दिल्यावर गाडी दोन दिवस व्यवस्थित चालली, आणि तरीही आम्ही चांगली बॅटरी काढून महागातली एजीएम (आतलं आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेली बॅटरी) गळ्यात मारली. वर कॉम्प्युटर जोडायचे वेगळे पैसे घेतले. हे वाचणाऱ्या कुणालाही आम्ही फसवलं असंच वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मीटर बरोबरच होता. आमच्याकडेही तेवढंच आलं, आणि तेही हेडलाइट थोडा वेळ लावून, वरवरचा चार्ज उतरवल्यावर. काही तास गाडी बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 च्या आसपास दाखवते, त्यामुळे 12.5 हा आकडा वाईट नाही. पण या आकड्यावरून बॅटरीत चार्ज किती आहे एवढंच कळतं. सेल्फ मारल्यावर एका दमात किती करंट देण्याची ताकद तिच्यात उरली आहे, ते त्यावरून कळत नाही. तळाला गाळ साचलेली टाकीसुद्धा वरून काठोकाठ भरलेलीच दिसते. वय झालेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, ग्रिड गंजत जाते, आतला रेझिस्टन्स वाढतो. नुसता मीटर लावला तर यातलं काहीच दिसत नाही, कारण मीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच काम करून घेत नाही.

म्हणून लोड टेस्ट करतात. बॅटरीवर कोल्ड क्रँकिंग अँपिअर, म्हणजे कडक थंडीत सेल्फ मारताना ती किती करंट देऊ शकते तो आकडा, छापलेला असतो; त्याच्या निम्मा करंट 15 सेकंद खेचायचा. साधारण 21 अंश तापमानाला व्होल्टेज 9.6 च्या खाली जाता कामा नये. तुमची बॅटरी 15 सेकंद पुरी व्हायच्या आतच 8.8 वर आली आणि लोड काढल्याबरोबर पुन्हा 12.4 दाखवायला लागली. टेस्टरची ती स्लिप तुमच्या पावतीला टाचलेली आहे, एकदा काढून बघा.

आता एक गोष्ट, जी मला तुम्हाला काउंटरवर निवांत बसून सांगायला आवडली असती. बॅटरी 11.9 वर असती, तर आम्ही तिला नापास ठरवलंच नसतं. उतरलेली बॅटरी लोडखाली बसणारच; तिला आधी चार्जरवर लावून पुन्हा तपासावं लागतं, आणि कित्येकदा ती चांगली निघते व गिऱ्हाईक नवी न घेता परत जातं. तुमच्या बॅटरीत चार्ज पुरेसा होता, तरी ती बसली. म्हणजे ज्या 12.5 वर तुमचा भरवसा आहे, त्यामुळेच तिला संशयाचा फायदा देता आला नाही.

जंपनंतरचे दोन दिवस तुम्ही दिवसभर फिरत होतात, हे तुम्हीच बोललात. गरम इंजिन फिरवायला करंट कमी लागतो, तेवढं थकलेली बॅटरीसुद्धा करते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या सेल्फला मात्र तिचा कस लागतो, आणि तुमची गाडी दोन्ही वेळा सकाळीच अडली होती. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आम्ही आधीच पाहिला होता: 14.4 व्होल्ट, ठणठणीत. गाडी बंद केल्यावरचा करंटही 50 मिलिअँपिअरच्या आत होता. या दोन्हींत दोष असता तर नवी बॅटरीही उतरली असती, आणि ते न तपासता नवी विकणं मला पटत नाही. बाकी बॅटरीचं पाचवं वर्ष चालू होतं. गाडी उन्हात उभी, रोजचा पल्ला छोटा; अशा वापरात एवढी वर्षं काढली म्हणजे तिने काम चोख केलं.

एजीएमचं म्हणाल, तर तुमच्या गाडीत कंपनीतूनच एजीएम होती, जुन्या लेबलवर तसं छापलं आहे. तुमची गाडी सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. तेवढ्या वेळात दिवे, पंखा, टेप सगळं बॅटरीवर चालतं आणि दिवसात कितीतरी वेळा सेल्फ लागतो. साधी बॅटरी तिथे बसवता येते, गाडी सुरूही होते, पण ती लवकर मरते. स्वस्तातली बसवून तुम्हाला खूश करणं सोपं होतं. आणि कॉम्प्युटर जोडला तो नव्या बॅटरीची नोंद करायला. तुमच्या गाडीत ती केली नाही, तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करत राहते.

काच एका टचमध्ये वर जात नाही असंही तुम्ही लिहिलंय. बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांत ती सेटिंग पुसली जाते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरा, प्रत्येक दाराला एकदा. जमलं नाही तर या, लगेच करून देतो, त्याचे पैसे नाहीत.

तुमची जुनी बॅटरी अजून भंगारात दिलेली नाही, बाजूला ठेवली आहे. ती घेऊन जा आणि ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याच्याकडे लोड टेस्ट करून घ्या. पास झाली, तर तीच परत बसवून पूर्ण पैसे परत देईन. फक्त टेस्टच्या आधी ती पूर्ण चार्ज करायला सांगा, चार्ज झाल्यावर काही तास तशीच राहू द्या, आणि नेताना उभीच न्या.