मूळ प्रत दाखवा, डॉक्टर

बाळ्या माझा भाचा. वय बेचाळीस, पण मामाला बाळ्याच. लेस्टरला असतो. मागच्या दिवाळीला त्याच्या वरच्या दोन दाढा गेल्या आणि तिथल्या खासगी दवाखान्यानं एका इम्प्लांटचे, म्हणजे हाडात रोवायच्या कृत्रिम दाताचे, अडीच हजार पौंड सांगितले. सरकारी योजनेतल्या डॉक्टरकडं नवीन नाव लागायची मारामार. बाळ्यानं हिशोब मांडला: तेवढ्या पैशात विमानाचं तिकीट, दोन्ही दाढा, आईची भेट आणि वर सहा महिने पुरेल एवढा काळा मसाला.

"मामा, मी लातूरलाच येऊन करतो," म्हणाला. मी म्हटलं, ये की. त्यात काय विचारायचं?

"फक्त तुमच्या डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर पाठवा. परदेशात ट्रीटमेंट घ्यायची तर आधी ते तपासून घ्यावं लागतं."

परदेश! गंजगोलाईत चड्डी सावरत लहानाचा मोठा झालेला हा माणूस. सोळा रस्त्यांपैकी कोणत्या रस्त्याला कोणत्या दुकानात उधारी चालते हे त्याला पाठ होतं. पण परदेश म्हणाला त्याचं एवढं लागलं नाही. लागलं ते हे, की नंबर मला माहीत नव्हता.

त्या डॉक्टरांकडं मी चौदा वर्षं जातो. माहीत नाही असं काही शिल्लक नाही. वडील औशाचे, सासरवाडी उदगीरची, बार्शी रोडचा प्लॉट कोणत्या साली घेतला, धाकटी नीटला कितव्यांदा बसली, सगळं ठाऊक. शिक्षण? पाटीवर नावापुढं अक्षरांची मालगाडी आहे, त्यातलं इंजिन तेवढं मी वाचलेलं. आमचं गावच असं. पोरांचे नीटचे मार्क फोटोसकट चौकाचौकात टांगतील, पण तेच पोरगं डॉक्टर होऊन दुकान मांडून बसलं की त्याचा कागद बघायची कुणाची टाप नाही.

आणि मी कोण? तहसीलचा निवृत्त अव्वल कारकून. 'मूळ प्रत दाखवा, साक्षांकित प्रत जोडा' यावर तेहतीस वर्षं मीठभाकरी खाल्ली. स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या म्हाताऱ्याला मी हयातीचा दाखला मागितलेला आहे. आता एका सभ्य माणसाला एक कागद दाखवा म्हणायचं, तर माझी जीभ टाळूला चिकटली.

खरं तर दात तपासणं आमच्या घराण्यात आहे. फक्त बैलाचे. वडील मला हाळी हंडरगुळीच्या बाजारात न्यायचे. मालक वय सांगेल त्याकडं त्यांचं लक्ष नसायचं. पुढं होऊन बैलाचा खालचा ओठ दाबायचा, आत नजर टाकायची आणि निकाल द्यायचा: आदत, दोनदाती, चारदाती, जुळला. बैलाला वर पुढचे दात नसतातच, हेही त्यांनीच दाखवलं. रुमालाखाली बोटं धरून शंभर रुपयांसाठी तासभर ताणायचे. आणि ह्याच माणसाची स्वतःची दाढ ठणकली तेव्हा त्याच बाजारात पोत्यावर बसलेल्या एका इसमाकडं गेले. त्याच्यापुढं उपटलेल्या दातांचा ढीग होता. ढीग मोठा म्हणजे अनुभव मोठा, एवढीच चौकशी. त्यानं शेजारची चांगली दाढ काढली. वडील रक्त थुंकत म्हणाले, "असू दे, तीबी उद्या दुखलीच असती."

नंबर मागायचं धाडस होईना म्हणून आधी मी कायदा काढून वाचला. जुनी खोड. दंतवैद्यांचा कायदा २९ मार्च १९४८ चा. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. सुटका झाली १७ सप्टेंबरला. म्हणजे हिंदुस्थानातल्या दातांना कायदा लागला तरी मराठवाड्याच्या दाढा अजून हैदराबाद संस्थानातच होत्या. पुढं एक मजेची तरतूद सापडली. नोंदवहीचे दोन भाग: 'अ' भागात पदवीवाले, आणि 'ब' भागात पदवी नसलेले पण आधीची पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. पोत्यावरचा तो इसम 'ब' भागात होता का 'क्ष' भागात, हे मात्र आता कोण सांगणार.

शेवटी दवाखान्यात गेलो. काही दुखत नसताना गेलो, हा पहिला गुन्हा. बाकावर बसून भिंतीवरच्या चौकटी वाचू लागलो, हा दुसरा. काउंटरवरच्या पोरानं मला तहसीलला असल्यापासून पाहिलेलं. तालुक्यात बोगस डॉक्टर शोधायची मोहीम निघते हेही त्याला माहीत. तो चहा घेऊन आला, सोबत क्रीमची बिस्किटं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"सायेब, तपासणीला आलाव का?"

"नाही रे. सहज."

"सहज कसं? भिंतीकडं बघून लिहून घ्यायलाव की."

मी बाळ्याच्या प्रश्नांचा कागद खिशात कोंबला. तोवर आतून बोलावणं आलं आणि घाबरून मी थेट खुर्चीतच जाऊन पडलो. डॉक्टरांनी माझा चष्मा काढून ठेवला. समोरच्या भिंतीवर प्रमाणपत्र होतं. मला चौकट दिसत होती आणि आत धुकं. तोंडात आरसा, गालात थुंकी ओढणारी नळी. त्या अवस्थेत मी आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला.

"आआ हंहं आआ?"

"दुखतंय? बरोबर आहे काका, किडलीच आहे ही." आणि सुई टोचली.

चूळ भरायला अर्धा पेला पाणी मिळालं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं त्या २०१६ सालापासून या दवाखान्यात पेला अर्धाच भरतात. जड ओठांनी मी कागद काढला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: भाचा, लेस्टर, परदेश, नंबर.

डॉक्टर एकदम खूश. भिंतीवरची चौकट खिळ्यासकट काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. महाराष्ट्र राज्य दंत परिषद, नाव, बीडीएस, खाली नंबर. पुढं एमडीएस केलं त्याची वेगळी नोंद. ही नोंदणी एकदा करून भागत नाही, नूतनीकरण लागतं म्हणून त्याची पावतीही काढली. "इतक्या वर्षांत हे फक्त बँकेनं विचारलं, कर्ज देताना," म्हणाले. मग मला उठवून आत नेलं. हत्यारं उकळायचं यंत्र दाखवलं: १२१ अंशांना किमान पंधरा मिनिटं, दाबाखाली. थोडक्यात आपला कुकर, पण शिट्टीवर न मोजता. पाकिटावरच्या पट्टीला काळ्या रेघा उमटल्या की वाफ लागली म्हणायची.

बाळ्याचा पुढचा प्रश्न होता, पंधरा दिवसांच्या सुट्टीत सगळं उरकेल का.

"वरच्या जबड्याचं मागचं हाड भुसभुशीत असतं काका. टायटॅनियमचा स्क्रू बसवला तरी तो हाडात रुजायला चार-सहा महिने धरा. दाढ त्यानंतर. म्हणजे दोन फेऱ्या. आणि स्क्रू बसवून चौथ्या दिवशी उडून गेले, तिथं सूज आली, तर मी व्हिडिओ कॉलवरून बोट घालू का? तिथं बघणारं कोण, ते आधी ठरवायला सांगा. स्क्रूची कंपनी आणि बॅच नंबर मी लिहून देईन, तिथल्या डॉक्टरला लागेल." मग थांबून म्हणाले, "त्यांचा एक्स-रे तिथं कुणी काढला? त्या डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर मागवा. मीपण तपासतो."

हे मी बाळ्याला कळवलं तर तो चमकला. "त्यांचा कशाला? ते तर इथलेच आहेत!" लंडनच्या जनरल डेंटल कौन्सिलची नोंदवही कुणालाही बघता येते, डॉक्टरच नव्हे, खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या नर्सचं नावसुद्धा तिच्यात लागतं. हे बाळ्यानंच मला शिकवलं होतं. स्वतःच्या डॉक्टरचं नाव मात्र त्यानं कधी शोधलेलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी मोबाइलवर चहा गार व्हायच्या आत शोधलं. काउंटरवरचा पोरगा मागं उभा राहून ऐकत होता. नर्सचंही नाव लागतं म्हटल्यावर बिस्किटांची बशी घेऊन तो हळूच बाहेर सटकला.

मी चौकट काखेत मारून खालच्या दुकानात गेलो, झेरॉक्स काढली आणि फोटो बाळ्याला पाठवून दिला. रात्री फोन आला.

"मामा, नंबर जुळला. नोंद चालू आहे. पण कागदावर खाली निळ्या शाईत 'मूळ प्रत पाहिली' असं लिहून सही केलीय, हे गृहस्थ कोण? त्यांना तसा अधिकार आहे का?"

मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली.

"बाळ्या," मी म्हटलं, "दाढ लई ठणकायलीय बघ. उद्या बोलू."