जास्त जगायचं म्हणून अर्धपोटी राहणाऱ्यांसाठी

सध्या नागपुरात ज्याला पहावं तो जेवण कमी करून राहिला. कॅलरी कमी केल्या की आयुष्य वाढते म्हणे. पूर्ण खोटं नाही ते, १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅकेनं उंदरांना जीवनसत्त्वं वगैरे सगळं देऊन फक्त कॅलरी कमी केल्या तर उंदीर खरंच जास्त जगले. पण खरी गंमत माकडांची आहे.

अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर दोन ठिकाणी वर्षानुवर्षं प्रयोग चालले. विस्कॉन्सिनवाले २००९ मध्ये म्हणाले फायदा आहे, आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वार्धक्य संस्थेनं सांगितलं की आयुष्यात काही फरक नाही. काऊन? तर विस्कॉन्सिनच्या खाण्यात साखरच होती सुमारे २८ टक्के आणि तुलनेसाठी ठेवलेली माकडं पोटभर खात होती, म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसवलेले वऱ्हाडीच ते. दुसरीकडे साखर ४ टक्क्यांच्या आसपास आणि सगळ्यांनाच मोजून खाणं. आता सांगा, जो आधीच बेतानं खातो त्याचं अजून कमी करून काय मिळणार?

आमच्या अंबाझरीच्या वॉकिंग ग्रुपात एक काकाजी आहेत, साठीच्या पुढचे, आधीच काटक. व्हिडिओ पाहून रात्रीचं जेवणच बंद केलं. खिळा ठोकून पट्ट्याला नवीन भोक पाडलं ते कौतुकानं दाखवतात, पण बाकावरून उठताना दोन्ही हात गुडघ्यावर टेकावे लागतात त्याबद्दल कोणी बोलत नाही. माणसांवरचा मोठा प्रयोग, कॅलरी नावाचाच, दोन वर्षांचा होता, ठरवलं होतं २५ टक्के कमी आणि जमलं जेमतेम १२. बीपी, कोलेस्टेरॉल सुधारलं हे खरं, पण हाडांची घनता पण उतरली. आणि त्यात पन्नाशीच्या वरचं कोणी घेतलंच नव्हतं!

म्हणून माझं मत, ज्याचं पोट सुटलंय, जो वॉक झाला की तर्रीपोहे, वर जिलबी आणि घरी जाऊन पुन्हा नाश्ता करतो (ग्रुपात असे बरेच आहेत, नावं नाही घेत), त्यानं बिनधास्त कमी करावं. साठीच्या बारीक माणसानं वरण, दही, अंडी वाढवावी आणि थोडं वजन उचलावं. अन् ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण सोडूच नका बावा, शुगर एकदम खाली जाते, चक्कर येऊन पडाल.