शिकायला गेलीयेस की फिरायला?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर इथल्या, जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलसमोरचा फोटो टाकला. एकच. मफलर गुंडाळलेली मी आणि मागे ते काळंकुट्ट अजस्र चर्च. दहा मिनिटांत एका काकांचा मेसेज: "शिकायला गेलीयेस की फिरायला?" पुढे हसरा चेहरा. त्यावर आत्याचा अंगठा. आई ग्रुपवर काही बोलली नाही, पण मला वेगळा मेसेज आला: "जाऊ दे गं. तिथे फोटो नको टाकत जाऊस."

काकांपेक्षा आईचा मेसेज जास्त लागला.

ग्रुपवर उत्तर दिलं तर आईला फोन येतील, म्हणून इथे लिहितेय. काका, तुम्ही फ्रेंडलिस्टमध्ये आहातच.

आधी पैशांचं बोलू, कारण हसऱ्या चेहऱ्यामागे तेच आहे. सेमिस्टरच्या फीमध्येच आमचं प्रवासाचं तिकीट येतं. देशभरातल्या रिजनल गाड्या, ट्राम, बस सगळं त्यावर चालतं. आयसीईत, म्हणजे वेगवान गाडीत, बसता येत नाही, म्हणून आम्ही आरईने, म्हणजे रिजनल एक्सप्रेसने, रखडत जातो. मी राहते त्या ड्यूसबर्गहून कोलोनला जाऊन यायला मला वरचा एक सेंटही लागला नाही. डबा घरचा. पोळीचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी. आणि गेलो रविवारी. रविवारी इथे दुकानंसुद्धा बंद असतात, खोलीत बसून भिंतीच बघायच्या.

व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकून दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. भाडं आणि इन्शुरन्स गेला की जे उरतं त्यात कोण काय उडवणार?

माझ्याबरोबर माझी रूममेट होती. नांदेडची, वडील एसटीत कंडक्टर. आठवड्यातल्या काही रात्री एका गोदामात पार्सलं उतरवते, सकाळी तशीच लेक्चरला येऊन बसते. कॅथेड्रलचा टॉवर चढायला तिकीट आहे. विद्यार्थ्यांना सवलत असूनही ती खिडकीपाशी थबकली. "तू जाऊन ये, मी बॅगा सांभाळते." बॅगा कसल्या, डब्याची एक पिशवी. मला कळलं, बाई मनातल्या मनात युरोचे रुपये करायला शंभरने गुणतेय. इथे आलेल्या प्रत्येकाला ही खोड लागते. कॉफीलाही गुणतो, केस कापण्यालाही गुणतो. (म्हणून आमचे केस आम्हीच कापतो, ते फोटोत दिसतंच.) ओढून नेली तिला.

533 पायऱ्या. अरुंद गोल जिना, चढणारे आणि उतरणारे त्याच जिन्यात, समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटायचं. त्या भिंतींवर जगभरातल्या लोकांनी नावं खरडून ठेवलीत, अगदी आपल्या सिंहगडासारखी! वाटेत 24 टनांची घंटा लागते. वर पोचलो तेव्हा बोलायला श्वास नव्हता. जाळीतून खाली ऱ्हाईन, लोखंडी पूल, त्यावरून एकापाठोपाठ एक गाड्या. तिने तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

थांबा, त्याआधी दुसरं सांगते, नाहीतर राहून जाईल.

अ‍ॅडमिशनसाठी पुण्यात ज्या एजन्सीकडे गेलो होतो तिथल्या भिंतीवर काय होतं? लायब्ररी? लॅब? नाही. आयफेल टॉवर! (जर्मनीच्या अ‍ॅडमिशनसाठी, हो.) शेजारी एक किल्ला आणि उड्या मारणारी पोरं. काका, तुम्ही आमच्याबरोबरच होतात. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "वा, मजा आहे पोरीची." भिंतीवर टांगलेली मजा चालते, पोरीने प्रत्यक्ष केली की हिशोब मागायचा? आणि तुम्ही स्वतः टूरबरोबर युरोप केलात, बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये बसा. त्याचा अल्बम आम्ही दिवाळीत दोनदा बघितला. तुम्हाला कोणी विचारलं नाही.

बरं, मान्य. सेमिस्टर वाऱ्यावर सोडून दर वीकेंडला नवा देश आणि नवा रील करणारी पोरंही इथे आहेत. कर्जाचा हप्ता बाबांच्या पगारातून जातो, हेही मान्य. ते मला ग्रुपवर वाचून समजायला नको, रोज झोपताना आठवतं.

पण कर्ज शिक्षणासाठी काढलंय. मी फिक्स डिपॉझिट नाही, की मुदत संपेपर्यंत गप्प पडून राहायचं.

तर तो कॉल. तिचे बाबा डेपोत होते, मागे गाड्यांचा गोंगाट. "कुठं हायस माय?" तिने कॅमेरा फिरवला. नदी दाखवली, पूल दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "वर यायला पैसे किती घेतले?" तिने आकडा सांगितला. मला वाटलं, संपलं आता. ते म्हणाले, "मग लगेच उतरू नको. नीट बघून घे सगळं." आम्ही वर गारठून जाईपर्यंत थांबलो. तिकीट वसूल!

संध्याकाळी तिच्या बाबांच्या स्टेटसला तिथलाच फोटो. अख्ख्या डेपोने बघितला असणार. आणि आमच्याकडे? इथल्या जवळजवळ सगळ्यांनी नातेवाइकांपासून स्टेटस लपवून ठेवलंय. बर्लिनला जाऊन आलेली मुलं घरी सांगतात, "लायब्ररीत होतो, नेटवर्क नव्हतं." फिरणं काय चोरी आहे का?

आईवर राग नाही. तिला दोन्हीकडून ऐकावं लागतं. तिने कॉलेजात असताना सहलीचे पैसे कधी मागितले नाहीत, हे तिनेच मला सांगितलंय, अगदी सहज, भाजी निवडताना. आई, तुला वेगळे पाठवते फोटो. सगळे पाठवते. घंटेचाही.

आणि काका, त्या कॅथेड्रलचं काम 1248 साली सुरू झालं, मध्ये तीनेकशे वर्षं बंद पडलं आणि 1880 साली पूर्ण झालं. तेव्हा माझा थीसिस एक सेमिस्टर लांबला तर जरा दमाने घ्या.

येत्या रविवारी बॉनला जातोय. संगीतकार बीथोव्हेनचं जन्मघर बघायचंय आणि विद्यापीठही, कारण 1921 साली बाबासाहेबांनी तिथे नाव नोंदवलं होतं. ड्यूसबर्ग, ड्युसेलडॉर्फ, कोलोन, त्या आरई 5 च्या वाटेवर जे कोणी असाल ते चढा. डबा आपापला आणा, चटणी माझ्याकडे आहे. फोटो फॅमिली ग्रुपवरच टाकणार.